सैनिकाचे घर आणि आमची रंगभूमी

देशभक्तीचे नाटक म्हटले की तलवारी, मशाली आणि रणशिंगे आपल्या डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्ष नाटक उघडून पाहावे तर रण तेथे क्वचितच सापडते. ते पडद्याआड असते. कोणी दूत धापा टाकीत येतो, बातमी सांगतो, आणि ती ऐकणारी माणसे आपल्यासमोर उभी असतात : म्हातारा बाप, बायको, सून, पोर. रंगमंचाच्या चार हातांत युद्ध मावत नाही, हे एक कारण झालेच. पण आमच्या नाटककारांना दुसरे एक कारण होते. १८७६ साली इंग्रज सरकारने नाट्यप्रयोगांविषयी कायदा केला आणि सरकारविरुद्ध अप्रीती पसरविणारा प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार आपल्या हाती घेतला. शत्रूचे नाव घेण्याची सोय राहिली नाही. तेव्हा देशाची गोष्ट घराच्या गोष्टीत लपवावी लागली.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' (१९०७) हे याचे ठळक उदाहरण. विराटाच्या घरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिची विटंबना मुकाट्याने सोसा म्हणणारा धर्मराज आणि ती सोसू न शकणारा भीम. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांना कोणी समजावून द्यावे लागले नाही. सरकारलाही ते समजले आणि १९१० साली नाटक बंद झाले.

आमच्या वऱ्हाडाने वेगळी वाट काढली. कै. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे जन्माने नागपूरचे, पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग याच जिल्ह्यात गेला. खामगावास आणि जळगाव-जामोदला त्यांनी वकिली केली. गडकऱ्यांसारख्या प्रतिभावंताने ज्यांना गुरू मानले, ते दिवसा पक्षकारांचे कागद पाहत होते, हे आपल्या गावांनी विसरू नये. किर्लोस्कर मंडळीने १८९६ साली रंगभूमीवर आणलेल्या त्यांच्या 'वीरतनय' या नाटकाच्या नावातच शूराचा मुलगा आहे. पुराण सोडून स्वतंत्र, कल्पित कथानक घेण्याची जी चाल त्यांनी पाडली, ती पुढे देशभक्तीच्या नाटकाच्या कामी आली. अमरावतीच्या वीर वामनराव जोशांनी 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' आणि 'रणदुंदुभि' ही नाटके अशाच कल्पित राज्यांत घडविली. राज्य कल्पित, पण पारतंत्र्य खरे. वामनरावांनी तुरुंग स्वतः भोगला होता. 'रणदुंदुभि'तील पदे दीनानाथ मंगेशकरांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर गेली ती केवळ चालींमुळे गेली, असे आम्हांस वाटत नाही.

परंतु सैनिक आणि त्याचे कुटुंब हाच ज्याचा सरळ विषय आहे, असे नाटक शोधू गेल्यास आम्ही वि. दा. सावरकरांच्या 'संन्यस्त खड्ग'कडे बोट दाखवू. १९२४ पासून सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि राजकारणात भाग घेण्यास त्यांना बंदी होती. १९३१ साली दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला होता. शाक्यांचा सेनापती विक्रमसिंह बुद्धाचा उपदेश ऐकून शस्त्र खाली ठेवतो आणि भिक्षू होतो. पुढे कोसलाचा राजा शाक्यांवर चालून येतो. विक्रमाचा मुलगा वल्लभ रणात जातो, त्याच्या मागोमाग सून सुलोचना पुरुषवेषाने जाते आणि मारली जाते. अखेर म्हातारा भिक्षू ठेवलेले खड्ग पुन्हा उचलतो.

नाटकाचा रोख कोणावर होता हे सांगणे नको. वादाच्या दृष्टीने ते एकांगी आहे. अहिंसेच्या बाजूला तोडीचा वकील मिळालेला नाही. इतिहासाच्या दृष्टीनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. बौद्ध परंपरेत शाक्यांच्या नाशाचे कारण शस्त्रसंन्यास हे नाही. कोसलराज प्रसेनजिताने शाक्यांकडे मुलगी मागितली. कुलाभिमानी शाक्यांनी दासीच्या पोटची कन्या राजकन्या म्हणून दिली. तिचा मुलगा विडूडभ आजोळी गेला तेव्हा त्याला ही गोष्ट कळली आणि त्या अपमानाचा सूड म्हणून त्याने शाक्यकुल बुडविले. बुद्धाने त्याला तीनदा परत फिरविले, असेही परंपरा सांगते. म्हणजे मूळ कथा तर सावरकरांच्या कथेहून अधिक घरगुती आहे! त्यांनी ती का वगळली, हे उघड आहे. त्यांना दुसराच प्रश्न विचारावयाचा होता. तरीही प्रयोग संपल्यावर मनात राहते ती सुलोचना. युक्तिवाद सासऱ्याचा, किंमत सुनेची.

स्वातंत्र्यानंतर शत्रू लपविण्याची गरज संपली, पण घर मात्र सुटले नाही. चीनने आक्रमण केले त्याच १९६२ साली वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' आले. त्यातही लढाई नाही. बाप आणि मुलगा आहेत.

आता आपल्या दाराशी येऊ. सिंदखेडराजा या जिल्ह्यात आहे आणि तेथे दर वर्षी १२ जानेवारीस जिजाऊंच्या जन्मोत्सवाला माणसांचा पूर लोटतो. शिवचरित्रावरील आपल्या लोकप्रिय नाटकांत जिजाबाई येतात त्या शिवाजी महाराजांच्या माता म्हणून. जाधवांची लेक तेथे फारशी दिसत नाही. त्या लेकीचे आयुष्य असे : निजामशाही दरबारातून निघताना एका हत्तीवरून दंगल झाली. 'शिवभारता'त तिची हकीकत आहे. जिजाबाईंचे भाऊ दत्ताजी भोसल्यांच्या संभाजीकडून मारले गेले. लखुजी जाधवांनी त्या संभाजीला मारले, आणि त्याच झटापटीत शहाजी जखमी झाले. माहेर-सासर दोन्हीकडे सुतक, आणि नवऱ्याच्या जखमेला बाप कारण. पुढे २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांचा दग्याने खून झाला. उरलेले जाधव सिंदखेडास परतले व मोगलांना मिळाले. शहाजींनी तर चार वर्षांनी तीच निजामशाही एका मुलाला गादीवर बसवून पुन्हा उभी केली.

असा पेच खाडिलकरांच्या हाती लागता तर! कोल्हटकरांनी खामगावाकडे राहून 'शिवपावित्र्य' हे शिवकालीन नाटक लिहिले, पण हा विषय मात्र विनोदाच्या आणि कल्पनेच्या लेखणीचा नव्हता.

सैनिकाचे घर ही आमच्या जिल्ह्यात जुनी गोष्ट झालेली नाही. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामाच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जे जवान पडले, त्यांत एक मलकापूरचा आणि एक लोणार तालुक्यातील चोरपांग्रा गावचा होता. त्या दोन घरांत बातमी पोहोचली त्या क्षणाला नाटककाराने हात लावू नये. निदान इतक्यात नको. सिंदखेडच्या गोष्टीला मात्र चारशे वर्षे होत आली. लखुजींची भव्य समाधी तेथे उभी आहे. त्यांच्या खुनाच्या दिवशी जिजाबाई गरोदर होत्या. शिवनेरीवर शिवजन्म झाला तो त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० रोजी.