लिनक्सची निवड : महाराष्ट्रातील तीस वर्षे

लिनक्स हे नाव खरे तर कर्नलचे, म्हणजे संगणकाची यंत्रसामग्री आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामधल्या गाभ्याचे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तो १९९१ साली जगापुढे ठेवला. नुसत्या कर्नलवर पत्र लिहिता येत नाही की हिशेब ठेवता येत नाही. त्याला रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पातली साधने, डेस्कटॉप, नेहमीचे प्रोग्रॅम आणि ते अद्ययावत ठेवण्याची सोय जोडली की डिस्ट्रिब्युशन, बोलण्यातली ‘डिस्ट्रो’, तयार होते. स्लॅकवेअर आणि डेबियन १९९३ साली सुरू झाल्या, रेड हॅट त्यानंतर वर्षभराने, उबुंटू २००४ मध्ये. अशी जुळणी करायला कोणाची परवानगी लागत नसल्याने डिस्ट्रोंची संख्या शेकड्यांत गेली आणि त्यांतली कोणती घ्यावी, हा प्रश्न कायमचा होऊन बसला. महाराष्ट्रात मात्र तो वापरणाऱ्याने स्वतः सोडवल्याची उदाहरणे थोडी. बहुतेकांना उत्तर आयतेच मिळाले.

पहिले उत्तर मासिकाच्या सीडीतून आले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले, पण २८.८ किलोबिटच्या मोडेमवरून ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवायची तर फोन अखंड दोन दिवसांहून अधिक काळ गुंतून राहिला असता. ‘पीसीक्वेस्ट’ या इंग्रजी मासिकाने १९९६ मध्ये अंकासोबत लिनक्सची सीडी दिली. यामागे बंगळूरचे अतुल चिटणीस यांचा पुढाकार होता. पुढे या सीडी रेड हॅटवर आणि नंतर फेडोरावर आधारलेल्या असत. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांचा हात रेड हॅटच्या पद्धतीवर बसला तो तुलना करून नव्हे; घरात तीच सीडी होती म्हणून. तिच्यासाठी हार्डडिस्कचे पार्टिशन करताना विंडोज उडणे ही त्या काळातली नेहमीची दुर्घटना होती.

घर आणि कामाची जागा यांच्या वाटा वेगळ्या झाल्या २००३ साली. रेड हॅटने आपली सर्वांसाठीची फुकट आवृत्ती बंद केली. कंपन्यांसाठी पैसे घेऊन वर्षानुवर्षे पाठबळ देणारी ‘एंटरप्राइझ’ आणि हौशी वापरासाठी झपाट्याने बदलणारी फेडोरा, असे दोन भाग पडले. फेडोराच्या एका आवृत्तीला साधारण तेरा महिने दुरुस्त्या मिळतात. कार्यालयाला हा वेग झेपत नाही. ज्यांना पैसे न देता स्थैर्य हवे होते ते २००४ पासून एंटरप्राइझचीच फुकट प्रतिकृती असलेल्या सेंटओएसकडे गेले. २०२१ पर्यंत त्यांचे बरे चालले. त्या वर्षाअखेरीस सेंटओएसची आठवी आवृत्ती ठरल्यापेक्षा सात वर्षांहून अधिक काळ आधी संपवली गेली आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांना तिच्या जागी रॉकी किंवा अल्मा ही डिस्ट्रो शोधावी लागली. उबुंटूने दोन्ही बाजू एकाच नावाखाली ठेवल्या: दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आणि २००६ पासून दीर्घ पाठबळाची ‘एलटीएस’. शिवाय २०११ पर्यंत तिची सीडी मागणी नोंदवली की परदेशातून टपालाने फुकट घरी येई. दुकानात लिनक्स न मिळणाऱ्या गावांसाठी ही मोठीच सोय होती.

मराठी माणसाच्या निवडीत लिपीचा प्रश्न आधी येतो. जोडाक्षरे, वेलांट्या आणि ‘दऱ्या’मधला अर्धा र पडद्यावर नीट उमटेपर्यंत कोणतीही प्रणाली मराठी कामाची नव्हती. हे काम बऱ्याच अंशी महाराष्ट्रात झाले. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेने भारतीय भाषांसाठी ‘इंडिक्स’ तयार केले. रेड हॅटने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून लोहित फाँट करून घेऊन २००४ मध्ये खुले केले आणि कंपनीच्या पुणे कार्यालयातून भारतीय भाषांचे काम पुढे चालू राहिले. सी-डॅकची डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ ही डिस्ट्रो २००७ साली आली. ती चेन्नईत घडली असली तरी तिच्यात मराठीची सोय आहे. गंमत अशी की ज्या मॉड्युलरकडून लोहित आले, त्याच कंपनीच्या श्रीलिपीने गावोगावची डीटीपीची दुकाने विंडोजला बांधून ठेवली होती. लग्नपत्रिका आणि हँडबिले पेजमेकर व युनिकोडपूर्व फाँटवर होत राहिली. जुन्या फायली लिनक्सवर उघडल्या तर अक्षरांच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसे.

शिक्षणानेही विंडोजच्याच पारड्यात वजन टाकले. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ साली स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सरकारी नोकरीसाठी आवश्यक ठरला. तालुक्याच्या गावी वर्ग भरले, लाखो लोक संगणकाला सरावले, पण ते सरावले विंडोज आणि ऑफिसला. केरळने त्याच दशकात शाळांमधील संगणक-शिक्षण लिनक्सवर नेले. महाराष्ट्रात तसे धोरण झाले नाही. झाले ते विखुरलेले प्रयोग. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या सहभागाने रायगड जिल्ह्यातील खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये मुलांना छोटे लॅपटॉप मिळाले. त्यांत फेडोरावर उभारलेली ‘शुगर’ ही प्रणाली होती. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने लिनक्सचे पाठ मराठीतही आणले.

सरकारी कामात लिनक्सची सर्वांत ठोस निवड न्यायालयांनी केली, आणि तिची चर्चा सर्वांत कमी झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीच्या देखरेखीखाली २००७ पासून ई-कोर्ट्स प्रकल्प सुरू झाला. खटल्यांची नोंद ठेवणारी ‘सीआयएस’ ही प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे कार्यालयात मुक्त सॉफ्टवेअरवर उभी राहिली आणि न्यायालयांच्या संगणकांसाठी उबुंटू ठरली. हजारो न्यायालयांतल्या प्रत्येक यंत्रामागे परवान्याचे पैसे भरण्याचा प्रश्न त्यामुळे मिटला. न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांना शिकवण्यासाठी न्यायालयीन अधिकाऱ्यांमधूनच प्रशिक्षक तयार केले गेले. डिस्ट्रो बदलण्यात खरा खर्च माणसांची सवय बदलण्याचा असतो, हे ओळखून केलेली ही योजना होती. केंद्र सरकारचे मुक्त सॉफ्टवेअरचे धोरण २०१५ मध्ये आले, म्हणजे न्यायालये या वाटेने निघाल्यावर बऱ्याच वर्षांनी.

नंदुरबार जिल्ह्यातील विसरवाडीसारख्या ठिकाणी हा सगळा इतिहास एकत्र येतो. नवापूर तालुक्यातले हे गाव धुळे–सुरत महामार्गावर आहे. तालुक्याच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग गुजरातेत येतो, त्यामुळे मराठीसोबत गुजराती लिहिण्याची गरजही इथे नवी नाही. लिनक्समध्ये दोन्ही लिप्यांचा इनस्क्रिप्ट कळफलक फुकट असतो आणि एका कळीने बदलता येतो. तरी गावातल्या सरकारी सेवा केंद्रातला संगणक बहुधा विंडोजवरच असतो, कारण तिथला निर्णय बोटांचे ठसे घेणारे यंत्र करते. देशातले पहिले आधार क्रमांक याच जिल्ह्यातील टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी दिले गेले. त्यानंतर रेशनपासून बँकेपर्यंत अंगठा आला, आणि ठसे घेणाऱ्या यंत्रांचे ड्रायव्हर मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी निघाले. किराणा किंवा बियाण्यांच्या दुकानात हेच काम हिशेबाची टॅली करते, तीही विंडोजवरची. खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचाच कर्नल आहे, पण तिथे निवड फोन बनवणाऱ्याची.

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर निवडीचा प्रश्न पुन्हा घराघरात आला. विंडोज ११ टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागते आणि अनेक चालते संगणक त्यात बसत नाहीत. चार जीबी मेमरीच्या अशा यंत्रावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घरच्या वापराला पुरते. मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार आणि युनिकोड मराठी लेखन तिच्यावर विनासायास होते. कार्यालयात, विशेषतः जिथे एकाहून अधिक संगणक एकाच माणसाने सांभाळायचे आहेत तिथे, उबुंटूची एलटीएस किंवा डेबियन घ्यावी. दर काही महिन्यांनी बदलणारी डिस्ट्रो तिथे नको. ३२ बिटची फार जुनी यंत्रे असतील तर डेबियन १२ हा जवळजवळ शेवटचा आधार, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत त्यांच्यासाठी इन्स्टॉलर नाही. टॅली किंवा अंगठ्याचे यंत्र रोज लागणाऱ्या दुकानाने विंडोज काढू नये. इतरांनी डिस्ट्रो पेनड्राइव्हवरून चालवून प्रिंटर, वायफाय आणि मराठी कळफलक आधी तपासावा, फायलींची प्रत काढून ठेवावी, आणि मगच हार्डडिस्कला हात लावावा.