विज्ञानकथा मालिका, दूरचित्रवाणीवरील : स्त्री-पुरुष भूमिका

१९६०–७० च्या दशकांतील इंग्रजी विज्ञानकथा मालिकांत स्त्रीला पद मोठे आणि काम किरकोळ, असा प्रकार सर्रास आढळतो. ‘लॉस्ट इन स्पेस’ (१९६५–६८) मधील मॉरीन रॉबिन्सन जीवरसायनशास्त्रज्ञ. पण परग्रहावरही स्वयंपाक आणि धुणे तिच्याकडेच.

स्टार ट्रेक (१९६६–६९) : ‘द केज’ या पहिल्या नमुनाभागात यानाच्या कप्तानाखालोखाल अधिकार असलेली अधिकारी स्त्री होती (मॅजेल बॅरेट). तिला नाव नव्हते. ‘नंबर वन’ एवढीच ओळख. एनबीसी वाहिनीने भाग नाकारला. दुसऱ्या खेपेस हे पात्र गळाले, तिचा थंड, तर्ककठोर स्वभाव स्पॉक या पात्राला मिळाला आणि बॅरेट परतली ती परिचारिका चॅपेल होऊन. वाहिनीला स्त्री अधिकारी नको होती, असे निर्माते जीन रॉडनबेरी सांगत. आक्षेप अभिनेत्रीच्या निवडीला होता, असे निर्मितीशी संबंधित इतरांचे म्हणणे. संदेशवहन अधिकारी उहुरा (निशेल निकल्स) नियंत्रणकक्षात कायम दिसे, संवाद मात्र बेताचे. निकल्स मालिका सोडणार होत्या. मार्टिन ल्यूथर किंग यांनी थांबवले, असे त्या सांगत. पुढे नासाच्या अंतराळवीर भरतीसाठी स्त्रियांनी व कृष्णवर्णीयांनी अर्ज करावेत म्हणून त्या हिंडल्या. अखेरच्या भागात (३ जून १९६९) कप्तानपदाला मुकलेली स्त्री कप्तान कर्कच्या देहाचा ताबा घेते. या भागाच्या अर्थाबद्दल मतभेद आहेत. पटकथाकार डोरोथी फोंटाना यांचे नाव श्रेयनामावलीत ‘डी. सी.’ अशा लिंगनिरपेक्ष आद्याक्षरांनी येई.

डॉक्टर हू (१९६३ पासून) : पहिल्या निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट. पडद्यावरील सहचरी बहुधा किंचाळण्यापुरती. डॉक्टरच्या मुख्य भूमिकेत स्त्री (जोडी व्हिटेकर) येण्यास २०१७ उजाडले.

भारत : दूरदर्शनवर १९८० च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ दाखवली गेली. केतन मेहतांच्या ‘कॅप्टन व्योम’ (१९९८) मध्ये नायक मिलिंद सोमण. सोबत मधू सप्रे, कार्तिका राणे.

मराठी विज्ञानकथा प्रामुख्याने छापील अंकांतच वाढली. पुढे नाशिकच्या साहित्य संमेलनाचे (२०२१) अध्यक्ष झालेले जयंत नारळीकर यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती उतरवून दिली पत्नी मंगला नारळीकरांनी. त्या स्वतः गणितज्ञ होत्या. लेखिकांत शुभदा गोगटे, मेघश्री दळवी उल्लेखनीय.

वेशभूषा : ‘स्टार ट्रेक’च्या ‘द केज’मध्ये स्त्री अधिकाऱ्यांना पँट होती, मालिकेत मिनीस्कर्ट आला.