मानांकन आणि डाव

बुद्धिबळ खेळताना शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द आपण सहज उच्चारतो. हे सारे फारसी-अरबीतून आपल्या मराठीत आले आणि घरचे होऊन बसले. खेळाडूंची प्रतवारी लावण्याची कल्पनाही जुनीच. अरबी जाणकारांनी खेळाडूंचे वर्ग पाडले होते. वरच्या वर्गातला खेळाडू खालच्याशी बसताना आपले एखादे प्यादे किंवा मोहरे आधीच उतरवून ठेवी. पण बगदादला खलिफा मुक्तफीच्या दरबारात अल-मावर्दी हा नावाजलेला, खलिफाच्या मर्जीतला खेळाडू असताना नवख्या अस-सूलीने त्याला हरवले. मर्जी पटावर कामाला येत नाही, एवढे तेव्हाच दिसले!

आज ही प्रतवारी आकड्यांत होते. अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची गुणपद्धती जागतिक बुद्धिबळ महासंघाने 1970 मध्ये स्वीकारली. तिच्या हिशेबाने 80 गुणांनी वरचढ असलेल्याने शंभरातले सुमारे 61 गुण मिळवावेत. उरलेले 39 मात्र दुसऱ्याचेच असतात, हे आपण विसरतो.

जुलै 2025 मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नेमके एवढेच अंतर होते. एका बाजूला आंध्रची कोनेरू हंपी, 2543 गुण, वय 38. समोर आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, 2463 गुण, वय 19, स्पर्धेतील पंधरावे मानांकन. दिव्या जन्मली 2005 मध्ये. हंपी त्याआधी तीन वर्षे ग्रँडमास्टर झालेली. अनुभवाची ही तफावत कोणत्या आकड्यात मांडायची?

मुख्य वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. 28 जुलैला जलद डाव सुरू झाले. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी, म्हणजे पहिली चाल प्रतिस्पर्ध्याची. हंपीचे घड्याळ संपत आले, घाईत चुका झाल्या आणि डाव दिव्याच्या हाती आला. एरवी ग्रँडमास्टर किताबासाठी तीन स्पर्धांत ठराविक कामगिरी लागते. दिव्याच्या खात्यावर तशी एकही नव्हती. या विजेतेपदानेच तिला तो थेट मिळाला. ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर.

भारतीय महिलांत ती चौथी. आधीच्या तिघी म्हणजे हंपी, हरिका आणि वैशाली. हरिकाला दिव्याने उपांत्यपूर्व फेरीत हरवले होते. वैशालीला चीनच्या तान झोंगयीने, आणि त्या तानला उपांत्य फेरीत दिव्याने.