घोरणाऱ्याचा श्वास

घोरणारा मनुष्य सुखाने गाढ झोपला आहे, ही समजूत फार जुनी. त्याची थट्टा होते. चिंता कोणी करीत नाही. या समजुतीला तडा कसा गेला, आणि नाकावाटे दिलेल्या हवेने काय साधले व काय साधले नाही, हे आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहो.

डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' (१८३६-३७) या कादंबरीत सदैव पेंगणारा जो नावाचा लठ्ठ पोरगा आहे. वाचक त्याला हसले. १९५६ साली अमेरिकेत बर्वेल आणि त्यांचे सहकारी यांनी अशाच एका खऱ्या रोग्याची हकीकत प्रसिद्ध केली. पत्त्यांच्या डावात हाती उत्तम पाने असताना त्याला डुलकी लागली व डाव हुकला! या विकाराला त्यांनी पिकविकचेच नाव दिले. मात्र पेंगण्याचा दोष रक्तात साचणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवर ठेवला. १९६५ मध्ये फ्रान्समध्ये मार्सेय येथे गास्तो यांनी रोग्यांची झोप आणि श्वास एकाच वेळी नोंदले. जर्मनीतही तेच दिसून आले. झोपेत श्वास पुनःपुन्हा थांबत होता. घसा मिटतो, जीव गुदमरतो, क्षणभर जाग येते. दर वेळी प्राणवायू घटतो, रक्तदाब उसळतो. अशा हृदयाला रात्रीची विश्रांती कुठली?

उपाय होता, पण भयंकर : गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत वाट पाडणे. १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये पाच रोग्यांचा वृत्तांत दिला. यंत्राने नाकावाटे सौम्य दाबाची हवा सोडली, की ती घशाला आतून टेकू देते. रोगी शांत झोपले. नाकावर चिकटवायच्या पट्टीने नाकपुडी रुंदावते खरी. पण अडथळा घशात असल्यामुळे हे काम तिच्याने होत नाही.

मग हृदयही वाचले काय? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेले २,७१७ रोगी होते. यंत्राने त्यांची दिवसाची पेंग उतरली, मन प्रसन्न झाले. पण हृदयविकाराचे व पक्षाघाताचे झटके कमी झाले नाहीत. अर्थात यंत्राचा वापर रात्री सरासरी सव्वातीन तासांच्या आसपासच होता, हेही विसरता येत नाही.

तात्पर्य, या यंत्राकडून झोप मागावी, हृदयाचे अभयदान मागू नये. आणि घरातील घोरणाऱ्याचा श्वास मध्येच थांबत असेल, तर थट्टा सोडून त्याला वैद्याकडे न्यावे.