अडुळसा

अडुळसा : (सं. वासा, वासक, वृष, आटरूषक, हिं. अडूसा, गु. अरडूसी, क. आडुसोगे, लॅ. जस्टिसिया अधाटोडा; कुल–ॲकँथेसी). भारतीय उपखंडात बहुतेक सर्वत्र आढळणारे, साधारण १ ते २.५ मी. उंचीचे सदाहरित झुडूप. महाराष्ट्रात ते शेताच्या बांधावर, परसात आणि कोकणात घराच्या कुंपणाला लावलेले दिसते. पाने समोरासमोर, भाल्याच्या पात्यासारखी, १० ते २० सेंमी. लांब, हाताला किंचित चिवट. फुले पांढरी, दोन ओठांची, घशाशी जांभळट-गुलाबी रेघा असलेली. उघडलेल्या जबड्यासारख्या या फुलामुळेच संस्कृतात त्याला ‘सिंहास्य’ असेही नाव मिळाले. फुलांत मध भरपूर असतो, त्यामुळे मधमाश्या आणि मोठे काळे भुंगे त्यांवर सतत दिसतात. फळ म्हणजे चार बियांचे बोंड. मराठी नाव ‘आटरूषक’पासून आले असावे. शास्त्रीय नावातील ‘अधाटोडा’ हा शब्द लिनीअसने १७५३ मध्ये रूढ केला. तो तमिळमधील ‘आडातोडै’वरून घेतलेला असून ‘शेळी ज्याला शिवत नाही ते’ अशी त्याची उकल सांगितली जाते.

या वनस्पतीचे सारे महत्त्व त्या नावात दडले आहे. समोर येईल ते ओरबाडणारी शेळी अडुळशाला तोंड लावत नाही, म्हणून तो कुंपणाला चालतो. त्याची पाने भातखाचरात हिरवळीचे खत म्हणून गाडतात आणि फळांच्या अढीत कीड लागू नये म्हणून घालतात. कुंपण राखणे, कीड दूर ठेवणे आणि खोकल्यावर उपयोगी पडणे हे तीन वेगळे गुण नसून पानातील कडू अल्कलॉइडांचेच ते पैलू आहेत. किड्याच्या आणि जनावराच्या शरीरावर ज्या द्रव्याचा परिणाम होतो, ते माणसाच्या शरीरात गेल्यावर केवळ हितच करील, असे मानायला आधार नाही. अडुळसा घरी जरूर लावावा. मात्र त्याला पालेभाजीच्या किंवा चहात टाकायच्या पातीच्या रांगेत न बसवता औषधाच्या रांगेत बसवावे, ही भूमिका या नोंदीत मांडली आहे.

पानातील मुख्य अल्कलॉइड व्हॅसिसिन. ते १८८८ मध्ये डेव्हिड हूपर यांनी वेगळे केले. हूपर यांनी पुढे मुंबईतील विल्यम डायमॉक आणि सी. जे. एच. वॉर्डन यांच्यासह ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा भारतीय वनौषधींवरील मोठा ग्रंथ लिहिला. व्हॅसिसिनचा हवेशी संयोग होऊन व्हॅसिसिनोन तयार होते. त्याच्या श्वासनलिका सैल करण्याच्या गुणाविषयीचे संशोधन १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. १९६० नंतरच्या दशकात व्हॅसिसिनच्या रेणूवरून बेतलेले ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध बाजारात आले. ब्रोमहेक्सीनचे शरीरात विघटन होताना जे ॲम्ब्रोक्सॉल तयार होते, तेही आज स्वतंत्र औषध म्हणून खोकल्याच्या असंख्य बाटल्यांत असते. हा वारसा खरा आहे आणि तो अभिमानाने सांगावा असाच आहे. पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष बहुधा चुकतो. ‘डॉक्टर देतात ते औषध अडुळशाचेच, मग पानांचा रस घेतला तरी तेच’ असे म्हटले जाते. ब्रोमहेक्सीन हे व्हॅसिसिन नव्हे. रेणूची रचना बदललेली आहे, मात्रा मिलिग्रॅममध्ये ठरलेली आहे आणि प्रत्येक गोळीत ती सारखी आहे. पानात मात्र अल्कलॉइडांचे प्रमाण ऋतूप्रमाणे, पानाच्या वयाप्रमाणे आणि वाळवण्याच्या रीतीप्रमाणे बदलते. ब्रोमहेक्सीनच्या चाचण्यांचे यश अडुळशाच्या खात्यावर जमा करता येत नाही. खुद्द पानांवर माणसांत झालेल्या चाचण्या थोड्या आहेत, हेही मान्य केले पाहिजे.

पानातील ज्या अल्कलॉइडांनी श्वासनलिका सैल होतात त्यांतल्याच व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावते. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या दशकात व्हॅसिसिनच्या या गुणाचा तपशीलवार अभ्यास झाला, तो प्रसूतीत उपयोगी पडणारे औषध त्यातून मिळेल या आशेने. म्हणून गरोदरपणात अडुळसा घेऊ नये, हा नियम बिनअपवाद पाळावा. यावर एक आक्षेप येतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. उंदरांवर पानांच्या अर्काचे जे प्रयोग झाले त्यांत गर्भपाताविषयीचे निष्कर्ष एकमेकांशी जुळलेले नाहीत, काहींत तर काहीच परिणाम दिसलेला नाही. मग चमचाभर रसाला एवढे भ्यायचे कशाला? याचे उत्तर हिशेबाने द्यावे लागते. साध्या खोकल्यात होणारा फायदा थोडा आहे, तो इतर मार्गांनीही मिळतो, आणि शंका मात्र गर्भाची आहे. अशा व्यवहारात अनिश्चित पुराव्याचा फायदा गर्भाला द्यायचा असतो, झुडपाला नव्हे.

एवढी सावधगिरी बाळगायची तर घरी लावण्याची उठाठेव का करावी, असा उलट प्रश्नही रास्त आहे. त्याचे मुख्य कारण पैशांची बचत हे नव्हे. वाळलेली, चुरडलेली पाने ओळखणे सामान्य माणसाला अशक्य असते. दक्षिणेकडील बाजारांत अडुळशात महारुखाच्या पानांची भेसळ आढळलेली आहे. अडुळशाच्या पानात सूक्ष्मदर्शकाखाली कॅल्शियम कार्बोनेटचे खडे (सिस्टोलिथ) दिसतात, महारुखात ते नसतात. पण काष्ठौषधीच्या दुकानात सूक्ष्मदर्शक कोण नेणार? केरळात तर जस्टिसिया बेडोमी ही लहान पानांची वेगळीच जाती वासा म्हणून वापरतात. ती भेसळ नव्हे, तो तिथला मान्य प्रघात आहे. पण नाव एक आणि वनस्पती दोन, ही अडचण उरतेच. काळा अडुळसा हीसुद्धा निराळी जाती आहे. दारातल्या झुडपाला हिवाळ्यात फुले आली की ही सारी शंका मिटते. पान कोणते, कधी तोडले, त्यावर काय फवारले, याची खात्री लावणाऱ्याला असते. औषधाच्या बाबतीत ही खात्री म्हणजे निम्मी लढाई. उरलेली निम्मी मात्रेची, आणि ती परसातही जिंकायचीच असते.

लागवड अगदी सोपी आहे. आषाढ-श्रावणात पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, अर्धवट पक्व फांदीचे १५ ते २० सेंमी. लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे छाट घ्यावेत आणि दोन डोळे मातीत जातील असे किंचित तिरपे खोचावेत. पाण्याचा निचरा नसेल तर मात्र मुळे कुजतात. बाल्कनीत १४ इंची कुंडी पुरते, दिवसातून चार-पाच तास ऊन हवे. पहिले वर्षभर पाने तोडू नयेत. पुढे छाटणी केली की झाड भरगच्च होते. रहदारीच्या रस्त्याकडेच्या कुंपणाची धूळभरली पाने औषधाला घेऊ नयेत.

खरी मेहनत रस काढताना होते. पान चिवट, त्यात पाणी कमी. कच्चे वाटून पिळले तर हाती फारसे काही लागत नाही. यावर आयुर्वेदाने पुटपाक शोधला. वाटलेल्या पानांचा गोळा पानात गुंडाळायचा, वर मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात भाजायचा आणि मग पिळायचा. घरी हेच काम मोदकपात्रात होते. पाने पाच-सात मिनिटे वाफवून, वाटून फडक्यातून पिळली की गडद हिरवा, अतिशय कडू रस निघतो. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात पानांच्या ताज्या रसाची मात्रा १० ते २० मि.लि. दिली आहे. ती प्रौढांसाठी आहे. मुलांना वैद्याला विचारल्याशिवाय देऊ नये. रसात मध घालण्याची रीत जुनी आहे, पण एक वर्षाखालील बाळाला मध वर्ज्य. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी : मुलांच्या साध्या खोकल्यावर मधाचा उपयोग होतो याला चाचण्यांचा जो आधार आहे, तो अडुळशाच्या आधारापेक्षा भक्कम आहे. आराम पडला तर त्यातला काही वाटा मधाचा असतो. अडुळसा, तुळस, आले, ज्येष्ठमध, मिरी, गूळ असे सारे एकत्र उकळून केलेल्या काढ्यात तर कशाने गुण आला आणि कशाने जळजळ झाली, हे कळायला मार्गच राहत नाही. अडुळसा वापरायचा तर एकटा वापरावा.

जुन्या ग्रंथांत रक्तपित्त (रक्तस्राव), क्षय आणि कास (खोकला) या तिन्हींवर वासा प्रशंसिली आहे. वासावलेह हा प्रसिद्ध पाक त्याच परंपरेतला. या प्रशंसेचा आजचा अर्थ लावताना काळजी घ्यावी लागते. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यात क्षयाची तपासणी करावी, असे राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम सांगतो. थुंकीतून रक्त पडत असेल तर एक दिवसही थांबू नये. परंपरेचा हा अवमान नव्हे. ज्या काळी क्षयावर दुसरे काही नव्हते त्या काळी वैद्यांनी हाती असलेले उत्तम पान रुग्णाला दिले. आज तपासणी आणि पूर्ण बरे करणारी औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळत असताना, त्याच पानाने दोन महिने खोकला दाबून ठेवणे हा त्या वैद्यांच्या बुद्धीचा आदर ठरत नाही. सर्दीनंतर चार-सहा दिवस रेंगाळणारा, घट्ट कफाचा, तापाविना असलेला खोकला, एवढेच घरच्या अडुळशाचे क्षेत्र मानावे.

साठवायची पाने फुलोऱ्याच्या सुमारास, पक्व पण पिवळी न पडलेली अशी तोडून सावलीत वाळवतात. वाळल्यावर ती मळकट तपकिरी-हिरवी होतात आणि त्यांना चहापत्तीसारखा वास येतो. घट्ट झाकणाच्या बरणीत तोडणीची तारीख लिहून ठेवावीत. पुढच्या हिवाळ्यात नवी पाने आली की जुनी झाडाच्या बुंध्याशीच टाकावीत.