दोन खांबांची शेज

उन्हाळ्यांत अंगणांत निजावयास हॅमॉक हवा असा हट्ट आमच्या मुलांनीं धरला आणि सुती जाळीची एक झोळी घरीं आली. परंतु अंगणांत एकहि झाड नाहीं. मग दोन वांसे जमिनींत पुरले. दुसऱ्याच रात्रीं ते आंत कलले आणि झोळी निजणारासह भुईला टेंकली. ही शेज जमीन मागत नाहीं, पण दोन खांब मागते, हें तेव्हां ध्यानांत आलें. आणि तिच्या इतिहासाकडे पाहिलें तर तोहि बराचसा ह्या खांबांचाच इतिहास आहे.

१४९२ सालीं कोलंबस बहामा बेटांत उतरला तेव्हां तेथील लोक सुताच्या जाळ्यांत निजत असलेले त्यास दिसले. 'हामाका' हा शब्द त्या टाइनो लोकांचाच. (डच लोकांनीं त्याचें 'हांगमाट', म्हणजे टांगलेली चटई, असें सोयीस्कर रूपांतर केलें!) पुढें पन्नास वर्षांत युरोपियनांचे रोग आणि वेठबिगार ह्यांनीं तीं बेटें जवळजवळ ओस पडलीं, शेज मात्र जगभर गेली. १५०० सालीं काब्रालच्या आरमाराबरोबर कालिकतच्या वखारीचा कारकून म्हणून निघालेल्या कामिन्यानें ब्राझीलमधील घरांचें वर्णन आपल्या राजास लिहून पाठविलें. त्यांत घरांतील खांब, खांबाखांबांतून उंच बांधलेल्या जाळ्या आणि त्यांखालीं उबेसाठीं पेटविलेला विस्तव हें सारें आहे.

खलाश्यांना खांब शोधावे लागले नाहींत; जहाजाच्या तुळया होत्याच. इंग्रजी आरमारानें १५९७ सालीं ही शेज स्वीकारली. अठराव्या शतकांत माणशीं रुंदी मिळे ती अवघी १४ इंच! निम्मे लोक पहाऱ्यावर असत म्हणूनच तें निभे. दिवसां गुंडाळलेल्या झोळ्या जहाजाच्या कडेस रचून बंदुकीच्या गोळ्यांस आडोसा करीत. आणि खलाशी मेला तर त्याच झोळींत शिवून त्यास समुद्राच्या स्वाधीन करीत.

आमचे वांसे कां कलले? दोरी क्षितिजाशीं ३० अंश उतरती असेल तर प्रत्येक दोरीवर निजणाराच्या संपूर्ण वजनाइतका ताण पडतो. १० अंशच असेल तर तो जवळजवळ तिप्पट होतो. आम्ही ती सतारीच्या तारेसारखी ताणली होती. उपाय सुचला तो मात्र शेताकडे पाहून. मजूर बाई बाभळ जवळ नसली कीं तीन काठ्यांची तिकाटी उभारून लुगड्याच्या झोळींत पोर निजविते. तशाच सहा-सहा फुटी बांबूंच्या दोन तिकाट्या आम्हीं काथ्यानें आवळून बांधल्या, पाय फांकूं नयेत म्हणून तेहि दोरीनें जोडले आणि वरून दहा फुटांचा जाड बांबू आढ्यासारखा घातला. झोळीची आंतली ओढ तो आढाच सोसतो. तिकाट्यांनीं केवळ भार वाहावयाचा.

सकाळीं दोऱ्या सोडल्या कीं सर्व बांबूंची एक मोळी होते. ती खांद्यावर टाकून आतां नदीकांठीं न्यावी, असा मुलांचा नवा हट्ट आहे.