पऱ्हाटीपासून पेलेट : कोळशाला वऱ्हाडातील पर्याय

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की वऱ्हाडातील शेतांत उरते ती वाळलेली पऱ्हाटी. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांत ती पिढ्यान्‌पिढ्या चुलीला, कुंपणाला आणि कुडाच्या भिंतींना वापरली गेली. पुढे स्वयंपाकाचा गॅस खेड्यांपर्यंत पोहोचला, कुडाची घरे कमी झाली आणि बरीचशी पऱ्हाटी धुऱ्यावर रचून पेटवून दिली जाऊ लागली. हीच पऱ्हाटी दळून, दाबून तयार केलेले ‘पेलेट’ हे कोळसा, फर्नेस ऑइल आणि एलपीजी या खनिज इंधनांना पर्याय ठरू शकते.

लाकडी पेलेटचा प्रसार १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिका व युरोपात झाला. स्वीडनने १९९१ साली खनिज इंधनांवर कार्बन कर बसविला, तेव्हा तेथे या इंधनाला मोठे बळ मिळाले. त्या देशांत पेलेट मुख्यतः घरे उबदार ठेवण्यासाठी जाळतात. अकोल्याचा उन्हाळा अनुभवलेल्यांना असा उपयोग सांगणे म्हणजे थट्टाच ठरेल. वऱ्हाडात उष्णता हवी असते ती कारखान्यांच्या बॉयलरना, तेलगिरण्यांना, खाणावळींच्या भट्ट्यांना आणि वीजकेंद्रांना.

पेलेट म्हणजे साधारण ६ ते ८ मिलिमीटर जाडीची घट्ट कांडी. वीजकेंद्रांसाठी ती याहून जाड असते. पऱ्हाटीचे प्रथम तुकडे करतात, ते वाळवून दळतात आणि भुगा छिद्रे असलेल्या पोलादी साच्यातून रोलरच्या दाबाने बाहेर काढतात. दाब व घर्षणाच्या उष्णतेने लाकडातील लिग्निन मऊ होते आणि तेच डिंकाचे काम करते. वेगळा चिकट पदार्थ सहसा मिसळावा लागत नाही. सुट्या पऱ्हाटीने ट्रॉली शिगोशीग भरली तरी वजन जेमतेम भरते. पेलेटचे वजन मात्र घनमीटरला ६०० किलोच्या आसपास जाते. बाजारात ‘कांडीकोळसा’ म्हणून मिळणाऱ्या ब्रिकेट हा याच कुळातला जाड प्रकार होय.

पऱ्हाटीच्या पेलेटपासून किलोमागे सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. देशी वीजकेंद्रांत जळणारा कोळसा बहुधा याच्या आसपास किंवा किंचित खालीच असतो, शिवाय त्यात राखेचे प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत असते. एलपीजीशी तुलना केल्यास १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरइतक्या उष्णतेसाठी ५० ते ५५ किलो पेलेट लागतात.

मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था (सिरकॉट) १९२४ साली स्थापन झाली. पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, ब्रिकेट व पेलेट तयार करण्याच्या तंत्रावर तिने काम केले असून तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातही अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग आहे.

मागणीचा प्रश्न वीजकेंद्रांमुळे बदलला. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ च्या धोरणाने कोळशासोबत ५ टक्के जैवइंधन जाळणे औष्णिक केंद्रांना बंधनकारक केले. २०२३ साली त्यात बदल होऊन ही अट २०२४-२५ पासून लागू करण्याचे ठरले. अकोला जिल्ह्यातील पारस येथे महानिर्मितीचे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. ते पूर्ण क्षमतेने चालले तर ढोबळ हिशेबाने रोज सात-आठ हजार टन कोळसा लागतो. त्याचे ५ टक्के म्हणजे रोज साडेतीनशे ते चारशे टन पेलेट. हेक्टरी दोन टन पऱ्हाटी धरली तर एवढ्यासाठी वर्षाकाठी साठ-सत्तर हजार हेक्टरांवरील पऱ्हाटी गोळा करावी लागेल. विदर्भातील कापसाचे क्षेत्र पंधरा लाख हेक्टरांच्या घरात आहे, त्यामुळे मालाची वाण नाही.

खरी अडचण गोळा करण्यातच आहे. पऱ्हाटी दोन-तीन महिन्यांतच हाती येते, कारखान्याला मात्र ती बारमाही हवी असते. पावसाळ्यापूर्वी साठा करावा, तर जागा लागते आणि आगीची धास्ती राहते. चिमट्याने उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळांना काळी माती चिकटलेली असते. ती राख वाढवते आणि साचा झिजवते. सालीचे लांब धागे यंत्रात गुंततात ते वेगळेच. युरोपातील उत्तम प्रतीच्या लाकडी पेलेटमध्ये राख ०.७ टक्क्यांहून अधिक चालत नाही. पऱ्हाटीत ती सहसा ३ टक्क्यांच्या वर असते आणि पोटॅशमुळे भट्टीत तिचे खडे जमतात. ज्या भट्टीतली राख सतत काढता येत नाही, तेथे हे इंधन त्रासाचेच.

तरीही शेतकऱ्याच्या दृष्टीने पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर जाण्याला वेगळे मोल आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान केले. फरदड घेतल्याने आणि पऱ्हाटीचे ढीग गावाशेजारी रचून ठेवल्याने किडक्या बोंडांतील अळी पुढच्या हंगामापर्यंत तग धरते. जानेवारीतच पऱ्हाटी उचलून तिचा भुगा केला, तर हे चक्र तुटण्यास मदत होते. मात्र कारखान्याच्या आवारात ती तशीच महिनोन्‌महिने पडून राहिली, तर अळीचा मुक्काम फक्त हलतो. म्हणून तुकडे करण्याचे काम शेतातच होणे इष्ट.

रोटाव्हेटरने पऱ्हाटी बारीक करून मातीत मिसळण्याचा दुसरा मार्गही कृषितज्ज्ञ सुचवितात. सेंद्रिय कर्ब घटलेल्या जमिनीला त्याची गरज आहेच, आणि सगळी पऱ्हाटी दरवर्षी विकणाऱ्या शेताला ती भरपाई शेणखताने करावी लागेल. भूमिहीन मजुरांच्या घरी, सिलिंडर महागला की, आजही चूल पऱ्हाटीवरच पेटते. आतापर्यंत ही पऱ्हाटी बहुधा मागितली की मिळत असे. तिला टनाचा भाव आला तर या घरांना तीही विकत घ्यावी लागेल.